दारूगोळ्याचा शेजार

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी बोलावयास यावे, असे चिटणीसबाईंनी कळविले तेव्हा विषय मीच निवडावा अशी सवलतही त्यांनी दिली. मी विषय सांगितला, ‘आंतरराष्ट्रीय सुरक्षा’. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बाई, हळदीकुंकवाच्या दिवशी हे कुणाला कळेल?” मी म्हटले, आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना नाही कळणार तर कुणाला कळेल? मी सारा जन्म शाळेत इतिहास व नागरिकशास्त्र शिकविले. पुस्तकात ‘देशाचे संरक्षण’ असा एक धडा असतो. त्यात सीमेची चित्रे असतात, बर्फातले जवान असतात. पण त्या संरक्षणाचे एक टोक आपल्या देवळी तालुक्यात येऊन टेकले आहे, हे पुस्तकात लिहिलेले नसते. आज त्या टोकाविषयी बोलावयाचे आहे.

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे सेवाग्राम येते, पवनार येते. ते योग्यच आहे. परंतु देशाचे रक्षण कसे करावे, ह्या प्रश्नावरचा एक मोठा वादही ह्याच मातीवर झाला, हे आपल्यातल्या थोड्याच जणींना ठाऊक असेल. 1940 चा जून महिना होता. युरोपात युद्ध पेटले होते, 14 जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या होत्या. त्याच आठवड्यात काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्याला बसली. प्रश्न असा की, उद्या देश स्वतंत्र झाला आणि परचक्र आले, किंवा आत दंगे उसळले, तर रक्षण कशाने करावयाचे? गांधीजींचे म्हणणे होते, तेथेही अहिंसेनेच. कार्यकारिणीतल्या बहुतेकांना ते पटले नाही. ज्यांनी आयुष्यभर त्यांचा शब्द मानला, त्यांनीच नम्रपणे सांगितले की, एवढ्या टोकापर्यंत आम्हांला आपल्याबरोबर येता येत नाही. आणि त्यांनी गांधीजींना आपल्या निर्णयाच्या जबाबदारीतून मोकळे केले. मतभेद झाला, पण मने तुटली नाहीत. त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. पुढे स्वराज्य आल्यावर, 1949 च्या डिसेंबरात, जगभरचे शांतिवादी सेवाग्रामला परिषदेसाठी जमले. म्हणजे युद्ध आणि शांती ह्यांविषयी विचार करणे ही काही दिल्लीच्या तज्ज्ञांची मिरास नव्हे. तो आपल्या जिल्ह्याचा जुना रिवाज आहे.

त्या वादाचा निकाल इतिहासाने कसा दिला, हे आपण जाणतोच. स्वतंत्र भारताने सैन्य ठेवले. शेजारी राष्ट्रांशी युद्धे झाली, 1962, 1965, 1971 आणि 1999 ची. आणि ते सैन्य होते म्हणून आपण येथे निर्धास्त बसलो आहोत. ह्या व्यासपीठावरून सैन्याविषयी उणा शब्द निघणार नाही. आपल्या गावागावांतून मुले सैन्यात गेली आहेत. परंतु सैन्य ठेवावयाचे म्हणजे तोफा हव्यात, तोफांना गोळे हवेत, आणि ते गोळे लढाई नसते तेव्हा कोठे तरी साठवून ठेवावे लागतात. सीमेपासून दूर, देशाच्या पोटात, रेल्वेच्या सोयीची जागा पाहून. अशी एक जागा म्हणजे आपले पुलगाव.

पुलगाव म्हटले की जुन्या माणसांना कापसाची गिरणी आठवते. बाहेरच्या जगाला मात्र पुलगाव ठाऊक आहे ते तेथील केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे. सुमारे सात हजार एकरांत पसरलेले हे कोठार देशातील सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एक आहे. कारखान्यांतून निघालेला दारूगोळा येथे येतो, तपासला जातो, साठविला जातो आणि येथून पुढे सैन्याच्या तुकड्यांकडे जातो. त्याच्या कुंपणाला लागून आपल्यासारख्यांचीच शेते आहेत, तुरीची आणि कापसाची.

31 मे 2016. मध्यरात्र उलटून गेली होती. भांडारातल्या एका शेडला आग लागली आणि मग प्रचंड स्फोट झाला. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर मनोज के. हे दोन अधिकारी आणि त्यांच्याबरोबर अग्निशमन दलाचे व संरक्षण सुरक्षा दलाचे मिळून सोळाच्या वर लोक प्राणास मुकले. ही माणसे आगीपासून पळताना गेली नाहीत, आगीकडे धावताना गेली. त्यांनी ती आग त्या एका शेडपुरती अडविली नसती तर पुढे काय झाले असते, त्याची कल्पनाही करवत नाही. आगरगाव, नागझरी, पिपरी ह्या आसपासच्या गावांतील लोक रात्रीच घरे सोडून निघाले. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि सैन्याचे प्रमुख पुलगावला येऊन गेले.

त्या बाजूच्या एका गावातील माझी जुनी विद्यार्थिनी पुढे मला भेटली. ती म्हणाली, “बाई, खिडक्यांची तावदाने फुटली, पत्रे हलले. आम्ही आधी पोरं उचलली, मग म्हशी सोडल्या. रस्त्यावर आलो आणि उभेच राहिलो. कोणत्या बाजूला पळायचं तेच कोणी कधी सांगितलं नव्हतं.” भगिनींनो, माझ्या आजच्या भाषणाचे बीज तिच्या ह्या शेवटल्या वाक्यात आहे.

आता ही आग लागली कशाने? चौकशीनंतर जे पुढे आले ते असे की, तेथे साठविलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांत दोष होता आणि त्यांतले स्फोटक द्रव्य, ज्याला टीएनटी म्हणतात, ते बाहेर पाझरत होते. कोणी शत्रू आला नाही, कोणी घातपात केला नाही. साठवणीतला माल बिघडला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ह्या दुर्घटनेच्या एक वर्ष आधी, मे 2015 मध्ये, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्यांचा सैन्याच्या दारूगोळ्याविषयीचा अहवाल संसदेपुढे ठेवला गेला होता. निकामी झालेला दारूगोळा वेळेवर नष्ट होत नाही, कोठारांत आग विझविण्याची साधने हवी तितकी नाहीत, त्यामुळे आगीचा धोका आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे जाणत्यांनी सांगितले नव्हते असे नाही. सांगितलेले अमलात येईपर्यंत काळ थांबला नाही.

तज्ज्ञ काय सांगतात हे मी पुष्कळ वाचून पाहिले, आणि मला नवल वाटले. त्यांची भाषा अवघड असली तरी तत्त्वे आपल्या घरातलीच आहेत. पहिले तत्त्व, जुने आधी काढावे. आपण कोठीत नवे धान्य भरताना जुने तळाशी ठेवीत नाही. ठेवले तर कीड लागते आणि नवेही नासते. दारूगोळ्यालाही वय असते. त्याची वरचेवर तपासणी करून, आयुष्य सरलेला माल वेगळा काढून नष्ट करावा लागतो. दुसरे तत्त्व, न जुळणारे एकत्र ठेवू नये. ज्या खोलीत कापूस भरला आहे त्या खोलीत आपल्या आज्या दिवा नेऊ देत नसत. तसेच ठिणगी देणाऱ्या वस्तू आणि पेट घेणाऱ्या वस्तू वेगवेगळ्या शेडमध्ये, मध्ये मातीचे बांध घालून ठेवावयाच्या, म्हणजे एकाची आग दुसऱ्याला लागत नाही. तिसरे तत्त्व, अंतर राखावे. किती माल साठविला आहे त्यावरून वस्ती किती दूर असावी ह्याची कोष्टके असतात. त्यात एक हिशेब असा आहे की, स्फोटाच्या धक्क्यापुरते पाहिले तर साठा आठपट झाला की सुरक्षित अंतर साधारण दुप्पट व्हावे लागते. ह्या अंतरासाठीच 1903 सालचा एक कायदा आपल्याकडे आहे. संरक्षणाच्या अशा जागांभोवती ठरावीक टापूत बांधकामावर त्याने बंधने घालता येतात. संयुक्त राष्ट्रसंघानेही 2011 साली साठवणीची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, ती ह्याच तीन तत्त्वांवर उभी आहेत.

दुसऱ्या तत्त्वाचा भंग झाला की काय होते, हे आपल्या मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. युद्धाचे दिवस. त्या एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीहून घेतलेल्या कापसाच्या गाठीही होत्या. कापूस धुमसू लागला, आग हटेना, आणि दुपारी दोन स्फोटांनी गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझवावयास गेलेले 66 अग्निशामक होते. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. शाळेत मुले घोषणा देतात, पण मूळ कथा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजू नका. जिनिव्हातील एक अभ्याससंस्था जगभरच्या अशा स्फोटांची नोंद ठेवते. 1979 पासून शंभराहून अधिक देशांत मिळून सहाशेच्या वर घटना तिच्या यादीत आहेत. त्यांतली एक सायप्रसची. सायप्रस हे भूमध्य समुद्रातले लहानसे बेट, आपल्या विदर्भाहून कितीतरी लहान. 2009 साली इराणहून सिरियाकडे शस्त्रसामग्री नेणारे एक जहाज तेथे अडविण्यात आले, कारण इराणने शस्त्रे बाहेर पाठवू नयेत असा संयुक्त राष्ट्रांचा निर्बंध होता. जहाजातील 98 मोठ्या पेट्या उतरवून नौदलाच्या तळावर उघड्यावर ठेवल्या. मग प्रश्न पडला, पुढे काय? नष्ट केल्या तर सिरिया रागावेल, परत दिल्या तर मोठी राष्ट्रे रागावतील. ह्या विचारात दोन वर्षांवर काळ गेला आणि पेट्या उन्हात तापत राहिल्या. 2011 च्या जुलैच्या आरंभी एक पेटी फुगलेली दिसली. बैठका झाल्या. 11 जुलैच्या पहाटे सर्वच उडाले. 13 जण ठार झाले, त्यांत तेथील नौदलाचे प्रमुख होते आणि आग विझविणारे होते. शेजारच्या वीजकेंद्राची अशी नासधूस झाली की, बेटाची जवळजवळ निम्मी वीज गेली. मोठ्या राष्ट्रांच्या भांडणाचा हिशेब एका लहान गावाच्या दारात चुकता झाला तो असा.

लेबनॉनची राजधानी बैरूत, 4 ऑगस्ट 2020. बंदरातल्या एका गुदामात 2,750 टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षे पडून होते. कागद ह्या कचेरीतून त्या कचेरीत जात होते. त्या दिवशी आग लागली, दहा जणांची एक तुकडी ती विझवावयास गेली, त्यांत एक तरुण परिचारिका होती. आत काय साठविले आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दहाही जण गेले, आणि शहरात मिळून दोनशेच्या वर माणसे गेली.

मुंबई, सायप्रस, बैरूत, पुलगाव. स्थळकाळ निराळे, पण दोन गोष्टी सारख्या. आधी बळी जातो तो आग विझविणाऱ्याचा, आणि नंतर उघड्यावर येतो तो शेजारी.

आपल्या जिल्ह्यातली दुसरी घटना मला अधिक बोचते. पुलगावच्या भांडाराची एक मोकळी जागा सोनेगाव आबाजी ह्या गावाजवळ आहे. तेथे जुना, निकामी दारूगोळा खड्ड्यांत घालून नष्ट करतात. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी जबलपूरजवळच्या खमरिया येथील कारखान्याचे गोळे तेथे नष्ट करावयाचे होते. खड्डे खणावयाला आणि पेट्या वाहावयाला आसपासच्या गावांतील माणसे कंत्राटदाराने रोजंदारीवर लावली होती. स्फोट झाला आणि सहा जण गेले. जुना माल वेळेवर नष्ट करा, असे तज्ज्ञ म्हणतात, ते बरोबरच. पण तो नष्ट करतो कोण, कोणत्या शिक्षणावर आणि कोणत्या मजुरीवर, हे त्या सूत्राच्या पुढल्या ओळीत लिहावयास हवे. शेतीत काम नसलेल्या दिवसांत माणूस मिळेल त्या कामाला जातो. कोणी तर स्फोटानंतर उरलेले पितळ, लोखंड वेचावयालाही जातो. संरक्षणाच्या मोठ्या साखळीतली ही शेवटची कडी आहे, आणि ती सर्वांत कच्ची आहे.

आणि ह्या साखळीत स्त्रियाही आहेत, बरे का! नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 रोजी स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. पुढे 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील आयुध कारखान्यात आठ जण गेले. पुलगाव, बाजारगाव, भंडारा, सारे आपल्या विदर्भातले. देशाच्या रक्षणाचा बराच भार विदर्भ आपल्या खांद्यावर वाहतो. तो आपण आनंदाने वाहावा, पण डोळे मिटून नव्हे.

कोणी म्हणेल, हा गुप्ततेचा विषय आहे, बायकांनी त्यात पडू नये. मी नम्रपणे सांगते, गुप्तता असावी ती आत काय आहे ह्याची. भोंगा वाजला तर कोणत्या रस्त्याने निघावे, म्हाताऱ्यांना कोणत्या गाडीने न्यावे, गुरे कोठे बांधावीत, जळालेल्याला कोणत्या दवाखान्यात न्यावे, ह्यात कोणते गुपित आहे? शत्रूला ते कळून काय उपयोग? आणि आपल्याला ते न कळल्याने मात्र केवढे नुकसान! 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि त्यांच्या जोडीला लोकांनी निवडलेला प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा करणे हे त्याचे काम. तो आराखडा आपल्यासाठी आहे. तो कचेरीच्या कपाटात सुखरूप राहावा म्हणून नव्हे.

आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. महाराष्ट्रात नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची ग्रामसभा घ्यावी लागते, असा कायदा आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पाणी, रेशन, गटार हे विषय आपण तेथे काढतोच. त्यांच्याच ओळीत हा विषय काढावा. मी तीन मागण्या सुचविते. पहिली, भांडाराच्या शेजारच्या प्रत्येक गावात वर्षातून एकदा तरी, सैन्याच्या आणि तहसीलच्या अधिकाऱ्यांच्या मदतीने, गाव रिकामे करण्याची तालीम व्हावी. शाळेत कवायत होते तशीच. दुसरी, निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामावर ज्याला लावतात त्या मजुराला आधी शिक्षण मिळावे, त्याचा विमा असावा, आणि त्याचे नाव गावाच्या पंचायतीला ठाऊक असावे. तिसरी मागणी सरकारकडे नाही, ती आपल्याकडेच आहे. त्या मैदानावर धातू वेचावयास आपल्या घरातले कोणी जात असेल तर त्याला आपण अडवावे. आणि नुसते अडवून भागणार नाही. चार पैशांची दुसरी सोय बचतगटातून कशी होईल ते पाहावे. पोटाला नसताना उपदेश कोणी ऐकत नाही.

31 ऑक्टोबर 2000 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1325 क्रमांकाचा ठराव केला. शांती आणि सुरक्षा ह्यांविषयीच्या निर्णयांत स्त्रियांना वाटा असावा, असे जगाने त्यात मान्य केले. 2007 साली भारताने लायबेरियात सर्व स्त्रियांची पोलीस तुकडी शांतिरक्षणासाठी पाठविली, तेव्हा जगाने कौतुक केले. आफ्रिकेत जे शोभले ते देवळी तालुक्यात का शोभू नये? तेथे बंदूक घेऊन उभे राहणे होते, येथे फक्त सभेत उभे राहून विचारावयाचे आहे.

1940 साली वर्ध्यात जो वाद झाला, त्यात कोण बरोबर होते हे मी आज ठरवावयास बसलेली नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही पक्षांत वाद नव्हता. देशाचे रक्षण ही जनतेची गोष्ट आहे, जनतेला न विचारता करावयाची गोष्ट नव्हे. गांधीजींच्या मार्गाला तर शिपायाहूनही अधिक तयारीचा सामान्य माणूस लागत होता. आपण सैन्याचा मार्ग घेतला म्हणून ती तयारी माफ झाली, असे कोणी समजू नये.

मंडळाने पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमात शिवणवर्ग, आरोग्यतपासणी आणि सहल ह्यांच्या जोडीला ह्या कामासाठी एक दिवस राखून ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे. पुलगाव बाजूच्या भगिनींना बोलवावे, जिल्हा कचेरीतून आराखडा मागवावा आणि तो सर्वांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवावा. वाचावयास मी येईन.